‘लूझ’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि मराठीतील हानिवाचक क्रियापदे

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• ‘लूझ’ या इंग्रजी क्रियापदाची रूपे, उच्चार आणि प्रमुख अर्थ सांगता येतील;
• हरणे, हरवणे, हरपणे, गमावणे, घालवणे, मुकणे, बुडणे या मराठी क्रियापदांमधील भेद स्पष्ट करता येईल;
• हानी सोसणाऱ्या व्यक्तीचे वाक्यातील स्थान विभक्तिप्रत्ययावरून ओळखता येईल;
• अनुवाद, अर्जलेखन आणि वृत्तलेखन करताना नेमके क्रियापद निवडता येईल.

१. प्रास्ताविक

इंग्रजी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला ‘लूझ’ हे क्रियापद फार लवकर भेटते. द्विभाषिक शब्दकोशात त्याच्यापुढे ‘हरणे, हरवणे, गमावणे, घालवणे, मुकणे’ अशी मराठी शब्दांची रांग असते. ती पाहून हे सगळे शब्द समानार्थी आहेत आणि वाक्यात त्यांपैकी कोणताही चालेल, असा समज होतो. प्रत्यक्ष वाक्य करू लागल्यावर मात्र हा समज टिकत नाही. ‘तो स्पर्धेत हरला’ याऐवजी ‘तो स्पर्धेत हरवला’ असे म्हटले, तर ऐकणारा त्याला शोधायला निघेल. ‘तिने दहा किलो वजन गमावले’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. तरीही घरगुती मराठीत वजन कोणी गमावत नाही, ते उतरते किंवा घटते. ‘घड्याळ रोज पाच मिनिटे गमावते’ हे वाक्य तर मराठी माणसाला कळणारच नाही. आपले घड्याळ मागे पडते.

एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत अनेक शब्द असणे यात नवल नाही. दोन भाषा अनुभवाची वाटणी सारख्याच ठिकाणी करत नाहीत, हे अर्थविज्ञानाचे मूलभूत तत्त्व आहे. येथे मात्र फरक केवळ शब्दसंख्येचा नाही. ‘लूझ’ हे क्रियापद मुख्यतः ‘कोणाजवळचे काय नाहीसे झाले’ एवढे सांगते. मराठी क्रियापद त्याबरोबर ‘ते कसे गेले’ आणि ‘ज्याचे गेले त्याचा त्यात वाटा किती’ हेही सांगून जाते. म्हणून मराठीत हानिवाचक क्रियापद निवडणे म्हणजे पुष्कळदा जबाबदारीविषयी निर्णय देणे होय. या घटकात हा मुद्दा आपण टप्प्याटप्प्याने पाहणार आहोत.

२. ‘लूझ’ : उच्चार, रूपे आणि इतिहास

२.१ उच्चार व रूपे

या क्रियापदाचा अन्त्य ध्वनी सघोष आहे. ‘झू’, ‘झीरो’ या इंग्रजी शब्दांच्या आरंभी ऐकू येतो तोच हा ध्वनी. त्याचे भूतकाळी रूप व भूतकालवाचक धातुसाधित दोन्ही ‘लॉस्ट’ अशी आहेत. नाम ‘लॉस’, तर हरणारा या अर्थी ‘लूझर’. सैल किंवा ढिला या अर्थाचे जे इंग्रजी विशेषण आहे, त्याचा अन्त्य ध्वनी मात्र अघोष ‘स’ आहे, म्हणजे उच्चार ‘लूस’. मराठी बोलण्यात हे विशेषण ‘लूज’ या रूपाने रुळले आहे. ‘सदरा लूज होतो’, ‘स्क्रू लूज आहे’ असे आपण सर्रास म्हणतो. परिणामी आपल्या कानांना दोन्ही शब्द एकच वाटू लागतात आणि इंग्रजी लेखनात त्यांची अदलाबदल होते. हानिवाचक क्रियापदात ‘ओ’ हे अक्षर एकदा आणि सैल या अर्थाच्या विशेषणात दोनदा लिहिले जाते, एवढे लक्षात ठेवले तरी ही चूक टळते.

२.२ व्युत्पत्ती

या दोन शब्दांचे साम्य योगायोगाचे नाही. दोन्ही शब्द ‘मोकळे करणे, विलग करणे’ या अर्थाच्या एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूपर्यंत नेले जातात. संस्कृतातील ‘लू’ (कापणे, छाटणे) हा धातूही याच कुळातला मानतात. ‘लवित्र’ म्हणजे विळा, हा शब्द त्यापासून झाला. जे बांधलेले होते ते सुटले, जे जोडलेले होते ते विलग झाले, हा या कुळातील शब्दांचा मूळ भाव आहे. मराठीतील ‘मुकणे’ या क्रियापदाचा संबंधही संस्कृत ‘मुच्’ म्हणजे सोडणे, मोकळे करणे या धातूशी जोडला जातो. ‘मुक्त’ आणि ‘मुकलेला’ हे दोन शब्द अर्थाने एकमेकांपासून किती दूर गेले आहेत! बंधनातून सुटला तो मुक्त. हवेसे वाटणारे ज्याच्यापासून सुटले तो मुकलेला.

२.३ वाक्यरचनेतील बदल

आपल्या विषयाच्या दृष्टीने शब्दाच्या अर्थापेक्षाही त्याच्या वाक्यरचनेचा इतिहास अधिक बोलका आहे. इ. स. ११०० च्या आधीच्या प्राचीन इंग्रजीत ‘लोसियन’ हे क्रियापद अकर्मक होते. त्याचा अर्थ ‘नाश पावणे, नाहीसे होणे, भरकटणे’ असा होता. नाहीशी होणारी वस्तू कर्तास्थानी येई आणि ज्याची वस्तू गेली ती व्यक्ती चतुर्थी विभक्तीत ठेवली जाई. शंभर मेंढरांपैकी एक भरकटल्याचा बायबलमधील दृष्टान्त प्राचीन इंग्रजीत सांगताना ‘त्याला एक नाहीसे होते’ अशा धाटणीची रचना आढळते. सकर्मक अर्थासाठी ‘लेओसान’ हे निराळे क्रियापद होते आणि ते बहुधा उपसर्गासह वापरले जाई. ‘फॉरलॉर्न’ या आजच्या इंग्रजी विशेषणात त्याचा अवशेष उरला आहे. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत दोन्ही क्रियापदांचे अर्थ एकाच शब्दात मिसळले, विभक्तिप्रत्यय झिजून गेले आणि ज्याची वस्तू गेली ती व्यक्ती कर्तास्थानी येऊन बसली. आजचा इंग्रजी भाषक ‘मी पेन हरवले’ या धर्तीचीच रचना प्रामुख्याने करतो. मग पेन खिशातून पडलेले असो, कोणी उचललेले असो वा पुरात वाहून गेलेले असो.

म्हणजे मराठी माणूस आज ‘माझे पेन हरवले’ असे म्हणून पेनाला कर्ता करतो, तशा प्रकारची रचना कधीकाळी इंग्रजीतही होती. इंग्रजीने ती सोडली, मराठीने राखली.

३. ‘लूझ’ चे अर्थक्षेत्र आणि मराठी पर्याय

‘लूझ’ चे प्रमुख अर्थ व त्यांचे मराठी पर्याय पुढे दिले आहेत.

(१) वस्तू न सापडणे : हरवणे, गहाळ होणे. ‘किल्ली हरवली’, ‘कागदपत्रे गहाळ झाली’.
(२) पराभूत होणे : हरणे, पराभव होणे. ‘तो निवडणूक हरला’.
(३) मृत्यूने दुरावणे : जाणे, वारणे, छत्र हरपणे, पोरके होणे.
(४) मालकीचे वा हक्काचे न उरणे : जाणे, गमावणे, मुकणे. ‘नोकरी गेली’, ‘तो हक्काला मुकला’.
(५) वाया दवडणे : घालवणे, दवडणे. ‘वेळ घालवला’, ‘संधी दवडली’.
(६) प्रमाण कमी होणे : उतरणे, घटणे, गळणे, उडणे. ‘वजन उतरले’, ‘केस गळले’, ‘रंग उडाला’.
(७) दिशा वा माणसे चुकणे : ‘वाट चुकली’, ‘जत्रेत त्यांची चुकामूक झाली’.
(८) मनाचा ताबा वा अवस्था न राहणे : ‘तोल सुटला’, ‘धीर खचला’, ‘आशा मावळली’, ‘भान हरपले’, ‘मन उडाले’.
(९) पैसा परत न मिळणे : ‘उधारी बुडाली’, ‘ठेवी बुडाल्या’.

ही यादी पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. मराठी क्रियापद नाहीशा होणाऱ्या वस्तूच्या स्वभावानुसार बदलते. आशा सूर्यासारखी मावळते, रंग पाखरासारखा उडतो, धीर भिंतीसारखा खचतो, पैसा पाण्यात बुडतो. प्रत्येक वस्तूची जाण्याची रीत निराळी असते.

पानिपतच्या १७६१ मधील पराभवाची वार्ता सांकेतिक भाषेत कळवली गेली, अशी परंपरा आहे. त्या निरोपाचे पाठभेद असले तरी त्याचा रूढ पाठ महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. त्यात बांगड्यांना ‘फुटणे’, मोत्यांना ‘गळणे’, मोहरांना ‘हरवणे’ आणि रुपये-खुर्द्याला ‘जाणे’ अशी वेगवेगळी क्रियापदे योजली आहेत. इंग्रजीत हा सारा मजकूर ‘लूझ’ या एका क्रियापदावर निभावता आला असता. मराठीत मात्र मोती म्हणजे घराण्यातील थोर पुरुष, मोहरा म्हणजे मानकरी आणि खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई ही उतरंड नामांप्रमाणेच क्रियापदांतूनही जाणवते.

४. हानी सोसणाऱ्याचे वाक्यातील स्थान

आता घटकाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून प्रयोगविचार हा मराठी व्याकरणाच्या अभ्यासाचा महत्त्वाचा भाग राहिला आहे. आधुनिक भाषाविज्ञानात चार्ल्स फिलमोर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या कारक-व्याकरणाने एक भेद ठळक केला : वाक्यातील व्याकरणिक कर्ता आणि क्रिया खरोखर घडवून आणणारा हे नेहमी एकच नसतात. पाणिनीच्या कारकविचाराशी परिचय असलेल्यांना ही दृष्टी अपरिचित वाटणार नाही.

या दृष्टीने एक सोपी कसोटी वापरू. क्रियापद भूतकाळात ठेवावे, हानी सोसणारी व्यक्ती तृतीयपुरुषी असावी आणि तिला कोणता प्रत्यय लागतो ते पाहावे. मराठीत चार शक्यता दिसतात.

पहिली : ‘त्याची पावती हरवली.’ ‘त्याचे पैसे बुडाले.’ ‘त्याची नोकरी गेली.’
येथे वस्तू हीच कर्ता आहे. व्यक्ती केवळ संबंधदर्शक षष्ठीत आहे. घटना घडली आणि तिचा घाव या व्यक्तीला बसला, एवढेच वाक्य सांगते. दोष कोणाचा, याविषयी ते मौन पाळते.

दुसरी : ‘त्याच्या हातून पावती हरवली.’
येथेही कर्ता वस्तूच आहे. परंतु ‘हातून’ या शब्दाने व्यक्ती घटनेच्या जवळ आणली आहे. तिचा हेतू नव्हता, निष्काळजीपणा मात्र झाला असावा, असे हे वाक्य सुचवते. ‘माझ्या हातून चूक झाली’ या वाक्यातही हाच भाव आहे. क्षमा मागणाऱ्याची ही आवडती रचना आहे. तिच्यात कबुली आहे, पण कबुलीची धार बोथट केलेली आहे.

तिसरी : ‘तो सामना हरला.’ ‘तो बक्षिसाला मुकला.’ ‘तो आईच्या मायेला पारखा झाला.’
येथे व्यक्ती कर्तास्थानी आहे. पण तिला ‘ने’ प्रत्यय लागलेला नाही. क्रियापद तिच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. व्यक्तीची अवस्था बदलली, हे या वाक्यांचे सांगणे आहे.

चौथी : ‘त्याने संधी गमावली.’ ‘त्याने पैसे घालवले.’ ‘त्याने पावती हरवली.’
येथे ‘ने’ आहे. व्यक्ती क्रिया करणारी ठरली आहे. पहिल्या प्रकारातील पावती आणि या प्रकारातील पावती एकच. पण ‘त्याची’ चे ‘त्याने’ होताच वाक्याला आरोपाचा स्वर येतो.

तिसऱ्या प्रकाराविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. ‘सामना’ हे कर्म असूनही आपण सहसा ‘त्याने सामना हरला’ असे म्हणत नाही. शिकणे, विसरणे यांसारखी काही सकर्मक क्रियापदे भूतकाळातही कर्तरी प्रयोगात राहतात (‘तो धडा शिकला’, ‘तो पाकीट विसरला’), त्यांच्याच पंक्तीत ‘हरणे’ बसते. या क्रियापदांत एक समान धागा दिसतो : क्रियेचा परिणाम कर्मापेक्षा कर्त्यावरच अधिक होतो. ‘जिंकणे’ या क्रियापदाला मात्र दोन्ही वाटा खुल्या आहेत : ‘तो सामना जिंकला’ आणि ‘त्याने सामना जिंकला’. वृत्तपत्राला हरणाऱ्या संघाला ‘ने’ लावायचा असतो तेव्हा ते क्रियापदच बदलते आणि ‘संघाने सामना गमावला’ असे लिहिते. मग वाचकाला वाटते, सामना हातात होता आणि संघाने तो सोडला.

चौथ्या प्रकाराला मराठीने एक पळवाटही ठेवली आहे. ‘मी पावती हरवून बसलो’, ‘तो अब्रू गमावून बसला’ या वाक्यांत ‘बसणे’ हे साहाय्यक क्रियापद येते. करू नये ते नकळत होऊन गेले आणि आता इलाज नाही, ही हळहळ त्यातून व्यक्त होते. शिवाय ‘ने’ ही गळून पडतो.

५. निकटच्या शब्दांतील भेद

५.१ हरणे, हरवणे, हरपणे
या शब्दांचा संबंध संस्कृत ‘हृ’ म्हणजे हरण करणे, नेणे या धातूशी जोडतात. ‘हरवणे’ हा त्यांतील सर्वांत फसवा शब्द होय. ‘त्याने प्रतिस्पर्ध्याला हरवले’ यात तो जिंकणारा आहे. ‘त्याने घड्याळ हरवले’ यात तो हानी सोसणारा आहे. अर्थ कर्मावरून ठरतो. कर्म सजीव असून त्याला ‘ला’ लागला की सहसा पराभव करण्याचा अर्थ येतो. म्हणूनच गर्दीत मूल दिसेनासे झाले तर आई ‘मी मुलाला हरवले’ असे म्हणत नाही. ‘माझा मुलगा हरवला’ असेच म्हणते. ‘हरपणे’ हे क्रियापद अमूर्त व उदात्त गोष्टींसाठी राखलेले आहे : देहभान हरपते, छत्र हरपते. छत्री मात्र हरवते.

५.२ गमावणे आणि घालवणे
‘गमावणे’ या शब्दाचे मूळ ‘गम्’ म्हणजे जाणे या धातूच्या प्रयोजक रूपात शोधले जाते. म्हणजे ‘जाऊ देणे’. ‘घालवणे’ यात कर्त्याचा हात अधिक स्पष्ट असतो. ‘त्याने वडिलांची इस्टेट गमावली’ या वाक्यात दुर्दैवाला जागा आहे. ‘त्याने वडिलांची इस्टेट घालवली’ या वाक्यात ती जवळजवळ उरत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जुगार किंवा व्यसन उभे राहते.

५.३ मुकणे
मुकण्यासाठी वस्तू आधी आपल्याजवळ असलीच पाहिजे असे नाही. मिळू शकणारे मिळाले नाही, तरी माणूस मुकतो. ‘अर्ज उशिरा पोहोचल्याने ती शिष्यवृत्तीला मुकली’ हे वाक्य त्यामुळे योग्य ठरते. ‘शिष्यवृत्ती हरवली’ हे ठरत नाही.

५.४ हरवणे, गहाळ होणे, चोरीला जाणे
दैनंदिन व्यवहारात या तिघांतील भेद सर्वाधिक महत्त्वाचा आहे. ‘गहाळ होणे’ हा कार्यालयीन भाषेतील रूढ प्रयोग. मूळ गुणपत्रिका मिळत नसेल, तर दुसरी प्रत मागणाऱ्या अर्जात ‘मूळ गुणपत्रिका गहाळ झाली असल्याने’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. भ्रमणध्वनी कोणी खिशातून काढून घेतला असेल, तर तक्रारीत ‘गहाळ झाला’ आणि ‘चोरीला गेला’ यांतील निवड केवळ शैलीची राहत नाही. चोरी हा गुन्हा आहे. वस्तू गहाळ होणे हा गुन्हा नव्हे. ‘चोरीला गेला’ या शब्दांत दुसऱ्या कोणाची तरी कृती सूचित होते. ‘गहाळ झाला’ या शब्दांत ती व्यक्ती वाक्यातून पुसली जाते. म्हणून अशा अर्जावर सही करण्यापूर्वी त्यातील क्रियापद वाचून पाहावे. माणसांच्या बाबतीतही भाषा भेद करते : लहान मूल किंवा वृद्ध व्यक्ती ‘हरवते’, प्रौढ मनुष्य ‘बेपत्ता होतो’.

६. व्यक्तीचे जाणे

इंग्रजीत पती, माता वा पुत्र यांच्या मृत्यूसाठीही ‘लूझ’ वापरतात. वस्तू हरवणे आणि माणूस दगावणे यांसाठी एकच क्रियापद असल्याने इंग्रजीत त्यावर विनोदही होतात. मराठी घरात अशा वेळी मृत व्यक्ती कर्तास्थानी राहते : ‘तिचे वडील गेले’, ‘त्याची आई वारली’. जाणारा आपल्या पायांनी निघून गेला, मागे राहिलेल्याने काही केले नाही, हा त्या रचनेचा भाव आहे. मागे राहिलेल्याविषयी बोलायचे झाले, तर ‘तो पोरका झाला’ असे आपण त्याची अवस्था सांगून म्हणतो.

सार्वजनिक शोकसंदेशात ‘महाराष्ट्राने एक थोर संशोधक गमावला’ ही रचना आता पूर्णपणे रुळली आहे आणि तेथे ती शोभतेही, कारण गमावणारा समाज हा एकत्रित कर्ता असतो. त्याच वळणाने ‘मी माझ्या आईला गमावले’ हे वाक्यही अलीकडे ऐकू येते. ते अशुद्ध म्हणता येणार नाही. भाषा अशाच मार्गांनी बदलत असते. अनुवादकाने मात्र त्यातील छटा ओळखावी. ‘आई गेली’ या वाक्यात आईविषयीची वार्ता आहे. ‘मी आईला गमावले’ या वाक्यात बोलणाऱ्याने स्वतःला केंद्रस्थानी आणले आहे. इंग्रजी कथेतील साधे, घरगुती वाक्य मराठीत आणताना दुसरी रचना वापरली, तर पात्र सभेत भाषण केल्यासारखे बोलू लागते.

७. क्रियापदाची निवड आणि जबाबदारी

आतापर्यंतचे विवेचन सार्वजनिक घटनांना लावून पाहू. मुंबईतील कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले आणि त्यांपैकी फार मोठ्या संख्येने कामगार पुन्हा गिरणीत परतू शकले नाहीत. ही घटना सांगणारी पुढील वाक्ये पाहा.

(अ) कामगारांनी नोकऱ्या घालवल्या.
(आ) कामगारांनी नोकऱ्या गमावल्या.
(इ) कामगारांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या.
(ई) कामगार नोकऱ्यांना मुकले.
(उ) कामगारांच्या नोकऱ्या गेल्या.
(ऊ) कामगारांना कामावरून कमी करण्यात आले.

‘लूझ’ वापरून केलेल्या एका इंग्रजी वाक्याचा अनुवाद (अ) ते (उ) यांपैकी कोणताही होऊ शकतो. तरीही प्रत्येक वाक्य निराळा इतिहास सांगते. (अ) मध्ये दोष कामगारांवर येतो. (आ) मध्ये तो सौम्य होतो. (इ) मधील ‘लागणे’ हे क्रियापद सक्ती दाखवते. म्हणजे गमावणारा एक आणि भाग पाडणारी परिस्थिती वेगळी. (ई) आणि (उ) मध्ये कामगार केवळ हानी सोसणारे आहेत. (ऊ) मध्ये दुसऱ्या कोणाची तरी कृती आहे, पण तो कोण हे कर्मणी रचनेने झाकले आहे. ‘गिरणीमालकांनी कामगारांना कमी केले’ असे म्हटल्यावाचून तो उघड होत नाही. संपाविषयी कोणाचे मत काहीही असो. यांपैकी एक वाक्य निवडताना लेखकाने आपले मत नकळत मांडलेले असते.

दुसरे उदाहरण जमिनीचे. कोयनेसारख्या धरणांमुळे विस्थापित झालेला शेतकरी ‘आमची जमीन धरणात गेली’ असे म्हणतो. १८९४ च्या कायद्यात आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१३ च्या कायद्यात याच घटनेला ‘भूसंपादन’ म्हटले आहे. संपादन म्हणजे मिळवणे. घटना एकच, घेणाऱ्याच्या बाजूने पाहिली तर संपादन, देणाऱ्याच्या बाजूने पाहिली तर जाणे. ‘शेतकऱ्यांनी जमिनी गमावल्या’ असे बातमीत लिहिले, तर व्याकरण शेतकऱ्याला कर्ता करते आणि जमीन घेणारा वाक्याबाहेर राहतो.

अपघाताच्या बातम्यांत ‘प्रवाशांनी जीव गमावला’ ही रचना इंग्रजीच्या सावलीत वाढली आहे. चालकाचा वेग किंवा पुलाची दुरवस्था हे कारण असताना ‘ने’ प्रत्यय मात्र मृत प्रवाशाला लागतो. ‘प्रवाशांना जीव गमवावा लागला’ किंवा ‘प्रवासी मृत्युमुखी पडले’ ही वाक्ये मराठीच्या प्रकृतीला आणि वस्तुस्थितीलाही अधिक धरून आहेत.

८. ‘लॉस’ या नामाचे पर्याय

क्रियापदाप्रमाणे नामाच्या बाबतीतही मराठी क्षेत्रानुसार शब्द बदलते. व्यापारात ‘तोटा’, अर्थसंकल्पात ‘तूट’, पिकाचे वा मालमत्तेचे ‘नुकसान’, खेळात वा युद्धात ‘पराभव’, आपत्तीत ‘जीवितहानी व वित्तहानी’, आप्ताच्या बाबतीत ‘वियोग’, स्मृतीच्या बाबतीत ‘भ्रंश’. ‘हानी’ हा संस्कृत ‘हा’ म्हणजे सोडणे या धातूपासून झालेला शब्द. ‘नुकसान’ मूळचा अरबी, फारसीमार्गे आलेला. ‘नुकसानभरपाई’ हा शब्द रूढ आहे. ‘हानीभरपाई’ किंवा ‘वियोगभरपाई’ होत नाही. कोणत्या हानीची किंमत पैशांत मोजता येते, याविषयीची समाजाची समजूतही अशा शब्दयोजनेत दडलेली असते. निवडणुकीत एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशापेक्षा अधिक मते न मिळाल्यास उमेदवाराची अनामत रक्कम परत मिळत नाही. इंग्रजीत तो उमेदवार ती रक्कम ‘लूझ’ करतो. मराठीत ती ‘जप्त होते’. घेणाऱ्याचा हात येथे मराठीने क्रियापदातच दाखवला आहे.

९. सारांश

‘लूझ’ हे क्रियापद हानीच्या अनेक प्रकारांना एका शब्दात सामावते आणि हानी सोसणाऱ्याला प्रायः कर्तास्थानी ठेवते. प्राचीन इंग्रजीत तसे नव्हते. तेथे नाहीशी होणारी वस्तू कर्ता होती. मराठीत ‘त्याची’, ‘त्याच्या हातून’, ‘तो’ आणि ‘त्याने’ या चार रचनांमधून व्यक्तीचा घटनेतील वाटा कमीअधिक करता येतो. त्यामुळे मराठीत योग्य शब्द शोधताना दोन प्रश्न विचारावेत : काय गेले? आणि ते कोणामुळे गेले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात मिळू शकेल. दुसऱ्याचे उत्तर प्रसंग नीट समजून घेऊन लिहिणाऱ्यालाच द्यावे लागते, आणि त्या उत्तराचा भार ज्याचे काही गेले आहे त्याच्यावर पडतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘त्याची अंगठी हरवली’ आणि ‘त्याने अंगठी हरवली’ या वाक्यांतील प्रयोग ओळखा आणि अर्थभेद चार ओळींत स्पष्ट करा.
२. ‘गमावणे’, ‘घालवणे’ आणि ‘मुकणे’ यांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा. तेथे अन्य दोन क्रियापदे का चालणार नाहीत किंवा चालल्यास अर्थ कसा बदलेल, ते सांगा.
३. ‘हरवणे’ या क्रियापदाचे परस्परविरोधी वाटणारे दोन अर्थ कोणते? वाक्यात ते कसे ओळखावेत?
४. आपल्या बोलीत हानीसाठी वापरली जाणारी, या घटकात न आलेली पाच क्रियापदे मिळवा. प्रत्येकाला चार रचनांची कसोटी लावून पाहा.
५. एका आठवड्याच्या मराठी वृत्तपत्रांतून हानीविषयीची दहा वाक्ये जमवा. त्यांत ‘ने’ प्रत्यय कोणाला लागला आहे आणि घटनेची खरी जबाबदारी कोणाची आहे, याचा तक्ता तयार करा.